सोचेची ओटी

"ओढा ओ! अजून जोरात ओढा!" कवठेकर ओरडत होते.

मी एका बाजूनं आणि तगारे सर दुसऱ्या बाजूनं त्यांचा वेटसूट वर ओढत होतो. रबराचा तो अंगाला चिकटणारा काळा पोशाख. कवठेकरांचा एक पाय आत गेला होता, दुसरा गुडघ्यापाशी अडला होता, आणि ते स्लोव्हेनियातल्या सोचा नावाच्या अतिशय देखण्या नदीच्या काठी, गोट्यांवर, एका पायावर उड्या मारत होते.

"कवठेकर, श्वास सोडा," तगारे सर म्हणाले.

"सोडलाय हो केव्हाच."

"मग पोट आत घ्या."

"हे आत घेतलेलंच आहे!"

आमचा वाटाड्या मातेय, सोनेरी दाढीचा, लांबलचक पोरगा, वल्ह्यावर हनुवटी टेकवून हे सगळं बघत होता. त्यानं नदीतल्या पुष्कळ अडचणी बघितल्या असतील. पण सांगलीच्या मेडिकल दुकानाच्या मालकाला वेटसूटमध्ये भरणं त्याच्याही अभ्यासक्रमात नव्हतं.

आमचा ट्रेकिंग ग्रुप तसा मोठा. पण परदेशात, पाठीवर सॅक घेऊन, तंबूत राहायचं म्हटल्यावर एकेकाचे गुडघे दुखायला लागले आणि शेवटी चौघंच उरलो. तगारे सर आमचे अध्यक्ष. इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे सगळ्याचं वजन करायची सवय. प्रत्येकाची सॅक त्यांनी ताणकाट्याला लटकवून बघितली होती. माझ्या टूथब्रशची दांडी अर्धी कापली होती त्यांनी. "चारू, डोंगरात ग्रॅम-ग्रॅम बोलतो," असं म्हणायचे. कवठेकरांनी त्यांची नजर चुकवून भडंगाची पिशवी आणली होती, ती दुसऱ्याच मुक्कामी पकडली गेली. ती कमी करायची म्हणून सगळ्यांनी बसून खाल्ली, तगारे सरांनी सगळ्यात जास्त.

आणि चौथी, कुंदामावशी. माझ्या आईची धाकटी बहीण.

ती त्या वेळी आमच्यापासून लांब, एका मोठ्या धोंड्यावर बसली होती. नदीकडे पाठ करून. जगातली माणसं ज्या पाण्याचा रंग बघायला विमानं पकडून येतात, त्या पाण्याकडे पाठ करून ही बाई समोरच्या बाभळीसारख्या कसल्यातरी झुडपाकडे बघत बसली होती.

खरं म्हणजे मी त्या ट्रिपला आले ती एवढ्याचसाठी. निघताना काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, मला जिन्यात गाठलं होतं. "चारू, तो आल्प्स-बिल्प्स काय बघायचा तो बघा. पण तिला एकदा पाण्यात घाल. कसंही कर. मला माझी जुनी कुंदा परत पाहिजे."

जुनी कुंदा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई. अर्ध्या सांगलीतल्या बायका आजही तिचा आवाज आला की पोट आत घेतात. दर उन्हाळ्यात कृष्णा आडवी पार करायची, पलीकडे जाऊन काकडी खायची आणि परत यायची. मला पोहायला तिनंच शिकवलं. पाठीला पत्र्याचा डबा बांधून घाटावरून ढकललं आणि वर म्हणाली, "ओरडू नको, तोंडात पाणी जाईल." आणि पावसाळा संपला की घाटावर जाऊन कृष्णेची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू, सगळं साग्रसंगीत. एक वर्ष चुकलं नाही.

मग तो महापूर आला. मावशीच्या घरात माळ्यापर्यंत पाणी. ते दोघं आमच्याकडे राहायला आले. पाणी उतरल्यावर मावशी एकटीच फावडं घेऊन घर बघायला गेली, संध्याकाळी चिखलानं माखून परत आली, आणि त्या दिवसापासून जी घाटाची वाट सोडली ती सोडलीच. पोहणं बंद. ओटी बंद. आयर्विन पुलावरून रिक्षा गेली तर ही दुसरीकडे तोंड करायची. सगळे म्हणायचे, बाईंना भीती बसली पाण्याची. ती काहीच म्हणायची नाही. ह्या ट्रिपला यायला तयार झाली तीसुद्धा अट घालून. "डोंगर चढीन, तंबूत झोपीन, त्या गोऱ्या लोकांचा पाव खाईन. पाण्यात उतरणार नाही. तुम्ही डुंबा, मी काठावर बसते."

आता तो काठ आला होता. तिथून बोट निघाली की आमची ट्रिप संपलीच. पुढे नदीत उतरायची संधी नव्हती, आणि मावशी धोंड्यावर बसलेली.

मी एक डाव टाकला. एक वेटसूट, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घेऊन तिच्याकडे गेले.

"मावशी, हे घाल. काठावर गारवा फार आहे."

"ऊन पडलंय की डोळे फाडून."

"मातेयचा नियम आहे. काठावरच्यांनीपण घालायचं."

नियम म्हटलं की मावशी मोडते. झुडपामागं गेली आणि निमिषात तो सूट चढवून, चेन लावून, जॅकेटचे पट्टे करकचून आवळून बाहेर आली. तिकडे कवठेकरांचा दुसरा पाय नुकताच आत गेला होता.

"बाई, तुम्हाला कसं काय जमलं ओ?" ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

"सकाळी उठून सूर्यनमस्कार घालत जा," मावशी म्हणाली आणि परत धोंड्यावर जाऊन बसली. नदीकडे पाठ.

मातेयनं मग आम्हाला रांगेत उभं करून धडे दिले. फॉरवर्ड म्हटलं की पुढं वल्हवायचं, बॅक म्हटलं की मागं, स्टॉप म्हटलं की थांबायचं. कुणी पाण्यात पडलं तर पाय वर करून पाठीवर तरंगायचं. आणि सगळ्यात शेवटी, तर्जनी उगारून, त्यानं इंग्रजीत बजावलं, "नदीत काहीही टाकायचं नाही. काहीही. केळ्याचं सालसुद्धा नाही. जिथं आपण बाहेर पडतो तिथं नदीवर लक्ष ठेवणारा वॉर्डन उभा असतो. मागे एका ग्रुपनं बाटल्या टाकल्या आणि बोलणी मी खाल्ली. आता परत काही झालं तर माझं ह्या उन्हाळ्याचं बोट चालवणं बंद."

"आम्ही निसर्गप्रेमी आहोत," तगारे सर छाती काढून म्हणाले. "आमच्या ग्रुपबद्दल तुम्ही निर्धास्त राहा."

एवढ्यात मी बघितलं तर मावशी धोंड्यावरून उठली होती. सॅक हातात घेऊन ती हळूहळू पाण्याकडे चालली होती. आपल्या पायांनी! मी कवठेकरांना कोपर मारलं. कुणी काही बोलू नका, असं खुणेनं सांगितलं. मावशी पाण्याच्या अगदी कडेला उकिडवी बसली. सॅकमध्ये हात घातला. आधी एक टॉवेल काढला. मग गुंडाळलेला स्वेटर. आणि मग स्वेटरच्या आतून काय काढलं असेल तर नारळ.

शेंडीसकट!

"अरे देवा," तगारे सरांच्या तोंडून निघालं. "म्हणजे ती सॅक..."

चढावर मावशीची सॅक दरवेळी थोडी एका बाजूला लोंबायची. तगारे सर रोज म्हणायचे, बाई, तुमचं पॅकिंग चुकलंय. ती म्हणायची, असू द्या. वजनाच्या दिवशी तो नारळ कुठं होता कोण जाणे. माझ्या टूथब्रशची दांडी कापणारा हा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक अख्खा नारळ आल्प्स ओलांडून आला होता.

मावशीनं नारळाला हिरवा इरकली खण गुंडाळून गाठ मारली होती. पाण्याला हळदीकुंकू वाहिलं, ओंजळीनं तांदूळ सोडले, नारळ दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि अलगद पाण्यात सोडून दिला. मग मागंसुद्धा न बघता उठून तरातरा धोंड्याकडे निघाली. नदीला बोटसुद्धा लावलं नव्हतं तिनं. नारळ एक गिरकी घेऊन धारेला लागला.

"ते काय होतं?" मातेयचा आवाज बदलला होता.

मग तगारे सर म्हणाले, "फ्रूट."

"फ्रूट? नदीत? का?"

"गिफ्ट," कवठेकर म्हणाले.

"कुणाला?"

"नदीला."

मातेयनं डोक्याला हात लावला. "ह्या अख्ख्या दरीत नारळ कुठून येणार? वॉर्डननं बघितलं तर तो आधी मलाच विचारेल, आज तुझ्याकडं कोण होतं! बोटीत बसा. सगळे. आत्ता! आपण तो आणायचा."

आम्ही धडपडत बोट पाण्यात ढकलली. मावशीनं ते बघितलं.

"कुठं निघालात गं?"

"नारळ आणायला!" मी ओरडले.

"काय आणायला?"

"नारळ! मातेयचं काम जाईल!"

मावशी धोंड्यावरून जी सुटली ती खो मिळाल्यासारखी. "भरलेली ओटी परत घ्यायला निघालात? हात तर लावा! हात तर लावून बघा कुणी!" आणि गोट्यांवरून उड्या मारत, पाण्यातून दोन ढांगा टाकत, तिनं सरळ बोटीत उडी घेतली. तगारे सर बाजूला कलंडले. त्यांचं वल्हं मावशीच्या हातात आलं. बोट धारेला लागली.

आणि मी आनंदानं किंचाळले. "मावशी बोटीत बसली! ए, मावशी बोटीत बसली!"

"गप गं, भवाने," मावशी म्हणाली आणि वल्हं उलटं मारायला लागली.

पुढचं काय सांगू? मातेय मागून ओरडतोय, फॉरवर्ड! आम्ही पुढं वल्हवतोय. मावशी जीव खाऊन मागं. बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली. एकदा मला पुढं नदी दिसायची, एकदा मागं निघालेला काठ दिसायचा. नारळ आपला लांबवर डुलत चाललेला, हिरवा खण फडफडवत.

"मॅडम, पुढं!" मातेय ओरडला.

"नो!" मावशी म्हणाली. "इट इज हर नारळ!"

"चारू, काढून घे त्यांच्याकडनं वल्हं," तगारे सर म्हणाले.

"तुम्हीच घ्या. मी नाही हात लावणार." मला डब्याचा अनुभव होता.

मातेय ताकदीचा गडी. त्यानं एकट्यानंच मागून दोन असे फटकारे मारले की बोट सरळ झाली आणि आम्ही नारळाच्या मागं भरधाव निघालो. पहिली उसळी आली. कवठेकरांनी "बाप रे" म्हटलं आणि तोंडभर पाणी प्याले. दुसरी उसळी आली. नारळ आता हातभरावर होता. तगारे सर बोटीच्या कडेवर पालथे होऊन हात लांब करत होते.

तेव्हा मावशीनं ते केलं, जे जगातल्या कुठल्याही बोटीत कुणी केलं नसेल. तिनं शाळेच्या मैदानावरचा आवाज काढला.

"विऽऽऽश्राम!"

तगारे सर आणि कवठेकर, दोघंही सरकारी शाळेत शिकलेले. दोघांचेही हात आपोआप पाठीमागं गेले. कवठेकरांचं वल्हं बोटीच्या तळाशी पडलं. मी खाली बसून होते, तरी माझे पाय फाकले. मातेयला काय झालं तेच कळेना. त्याच्या डोळ्यांसमोर त्याची दोन माणसं हात मागं बांधून छाती काढून बसली होती आणि समोरून पांढरा फेस उडवत मोठा धोंडा येत होता.

"फॉरवर्ड! फॉरवर्ड!" तो गळा काढून ओरडला.

"दऽऽक्ष!" मावशी ओरडली आणि ऑर्डर नीट ऐकू जावी म्हणून उभी राहिली.

बोट धोंड्यावर आपटली. मी खालची दोरी घट्ट धरली, डोळे मिटले. उघडले तेव्हा पुढच्या जागेवर मावशी नव्हती, तिचं वल्हं नुसतं पडलं होतं.

"मावशी!"

पाणी नुसतं उकळत होतं आणि त्यात कुठंही हेल्मेट दिसत नव्हतं. मला काकांचा चेहरा दिसायला लागला. तिला पाण्यात घाल म्हणाले होते ते बिचारे. घातलं होतं मी. मला रडायला यायला लागलं, अगदी लहान पोरीसारखं, भोकाड पसरून.

"ओरडू नको!" पाण्यातून आवाज आला. "तोंडात पाणी जाईल!"

लाल हेल्मेट वर आलं होतं. आणि मातेयनं सांगितल्याप्रमाणे पाय वर करून पाठीवर तरंगत बसायला ती काय परदेशी पर्यटक होती? ती कुशीवर वळली, एक हात लांब टाकला, दुसरा ओढला, आणि धारेला तिरपी कापत काठाकडे निघाली. थेट कृष्णा पार करायची तशी. मधेच म्हणाली, "अगं आई गं, बर्फ आहे की गं हा!" आणि परत हात टाकला. मातेय वल्हवायचं विसरून बघत राहिला होता.

"शी कॅन स्विम?" तो म्हणाला.

"तिनं आम्हाला शिकवलंय," मी नाक पुसत म्हणाले.

एका मोठ्या खडकाच्या आडोशाला पाणी शांत होतं. तिथं ते धारेत न जाता आपलं हळूहळू गोल फिरत होतं. मावशी त्यात शिरली आणि छातीएवढ्या पाण्यात उभी राहिली. आम्ही बोट कशीबशी त्याच बाजूला लावली. आणि तिथंच, त्या फिरत्या पाण्यात, मागून डुलत डुलत आला नारळ. तिच्या हेल्मेटवर येऊन आपटला. टक्.

मावशीनं वळून बघितलं. "जा गं. तुला दिलाय," असं म्हणून तिनं तो ढकलला.

नारळ एक चक्कर मारून आला. टक्.

"अगं, घे की!" तिनं परत ढकलला, ह्या वेळी जोरात.

नारळानं परत चक्कर मारली. कवठेकर फसकन हसले. तगारे सरही हसले. मातेय तर बोटीत आडवा झाला होता. मीही हसणार होते, पण माझं लक्ष मावशीच्या तोंडाकडे गेलं. नारळ तिसऱ्यांदा येऊन टेकला तेव्हा तिनं तो ढकलला नाही. उचलला, पोटाशी धरला, काठावर आली आणि गोट्यांवर बसली.

मी धावत जाऊन तिच्या अंगावर टॉवेल टाकला. "मावशी, लागलं का गं?"

"हिलाही नको झालंय बघ माझं," ती म्हणाली.

"कुणाला?"

"हिला. आणि तिलाही." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांना वाटतं, मी घाबरले. मी? कृष्णेला घाबरीन मी? पूर उतरल्यावर घरी गेले ना मी, तर स्वयंपाकघरात गुडघाभर चिखल. फावड्यानं उपसायला लागले तर खाली नारळ. एक नाही गं, कितीतरी. खणाच्या चिंध्या. बांगड्या. माझ्या चुलीच्या ओट्यापाशी सगळ्या ओट्या आणून टाकल्या होत्या तिनं. इतकी वर्षं मी न चुकता भरली, आणि तिनं सगळी माझ्याच दारात आणून ओतली. घे तुझं तुला, म्हणाली. मग मी कशाला जाऊ तिच्या दारात? मलाही स्वाभिमान आहे."

तिनं डोळे पुसले. "म्हटलं, परक्या मुलखातली तरी घेते का बघू. हिची-माझी ओळख नाही, काही मागचं-पुढचं नाही. तर हिनंही तेच केलं."

गेली कित्येक वर्षं आम्ही हिला पाण्याच्या भीतीवरची पुस्तकं आणून देत होतो. ही रुसली होती! आख्खी नदी आणि ही, दोघींचा अबोला चालला होता, आणि मधल्यामध्ये काका बिचारे एकटेच घाटावर फिरायला जायचे. मला एकदम तिची इतकी माया आली आणि इतका रागही आला की मी ओरडलेच.

"ए बाई, माझ्या लग्नात मी सगळी ओटी पदरात गुंडाळून चालायला लागले, तेव्हा माझ्या दंडाला चिमटा कुणी काढला होता?"

"मी. मग?"

"का काढला होतास?"

"का म्हणजे? ओटी घेतली की त्यातलं थोडं परत ताटात टाकायचं असतं. भरणारीचं ताट रिकामं पाठवतात का कुठं? एवढंही कळत नव्हतं तुला, घोडी झाली होतीस तरी..."

ती बोलता बोलता थांबली.

मी तिच्या मांडीवरच्या नारळाकडे बोट केलं. "खण कुठाय ह्याच्यावरचा?"

मावशीनं नारळ फिरवून बघितला. शेंडी होती, कुंकवाचा डाग होता. खण नव्हता. गाठ मारून बांधलेला खण. तिनं फिरत्या पाण्याकडे बघितलं, खडकाच्या कपारीत बघितलं, उठून टाचा उंचावून धारेत लांबवर बघितलं. कुठं म्हणून हिरवं काही नव्हतं.

"ठेवून घेतला की गं तिनं," ती हळूच म्हणाली.

"तांदूळही घेतले. नारळ तेवढा परत टाकला तुझ्या ताटात. रीत आहे की नाही तिला?"

"आहे बाई," मावशी म्हणाली. "चांगल्या घरची दिसतेय."

तोवर मातेय येऊन उभा राहिला होता. त्याला नारळ बघून इतका आनंद झाला होता की त्यानं मावशीला वाकून नमस्कारच केला, आपल्या पद्धतीचा. मग जरा गंभीर होऊन त्यानं विचारलं, "मॅडम, फक्त हेच होतं ना? आणखी काही नाही ना टाकलं नदीत?"

आम्ही सगळे मावशीकडे बघायला लागलो. खोटं बोलणाऱ्या पोरींना मैदानाच्या चकरा मारायला लावणारी बाई ती. कवठेकरांनी प्रामाणिकपणानं तोंड उघडलं, "ॲक्च्युअली, देअर वॉज वन..." आणि कळवळून मिटलं, कारण मावशीनं त्यांच्या पायावर पाय दिला होता.

"नथिंग," मावशी म्हणाली. पापणीसुद्धा न हलवता. मग आम्हाला मराठीत म्हणाली, "तिच्या ओटीत गेलेलं आहे. ते आता आपल्याला विचारायचा अधिकार नाही."

तिनं नारळ तिथल्याच खडकावर आपटून फोडला. पाणी आधी नदीला, मग मातेयला पाजलं. खोबऱ्याचे तुकडे तगारे सरांनी कापले, अगदी समान वजनाचे. करवंट्या पिशवीत भरून घेतल्या. मातेयनं खोबरं खाल्लं, छान आहे म्हणाला, आणि घाबरत घाबरत विचारलं की मॅडम उरलेल्या वाटेला काठानं चालत येणार का, कारण रस्ता आहे.

मावशी उठली. सरळ जाऊन बोटीत पुढं बसली.

ह्या वेळी तिनं वल्हं बरोबर मारलं. इतकं बरोबर की थोड्या वेळानं मातेय ऑर्डर द्यायचा बंद झाला आणि तीच द्यायला लागली. शेवटी शेवटी नदी रुंद झाली, पाणी निवलं, आणि आम्ही नुसते वाहत चाललो. वॉर्डन लांबून दिसायला लागला होता. मावशीनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि हात मनगटापर्यंत पाण्यात सोडला. बराच वेळ तसाच ठेवला.

मला राहवेना. मी पुढं सरकून तिच्या कानाशी विचारलं, "मग आता कृष्णेचं काय म्हणायचं? तिनंही तुझ्या ताटातच टाकलं होतं ना?"

पाण्यातला हात काढून मावशीनं तोंडावरून फिरवला.

"तिचा हात पहिल्यापासूनच सढळ, मेलीचा," ती म्हणाली. "परत टाकतानासुद्धा."